माशांच्या वाटचं

हिवाळा तोंडावर आला की लोक गरम कपड्यांना ऊन दाखवतात, खिडक्यांच्या फटी बुजवतात. आमच्या घरी आधी माशांचं बघावं लागतं. आमच्या म्हणजे माझ्या आणि वन्संच्या. वन्सं माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. मिस्टर गेले, त्यांच्या मागचेपुढचे सगळे गेले, आणि एवढ्या मोठ्या गोतावळ्यातून उरलो आम्ही दोघी, नणंद आणि भावजय. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीत वन्संचा फिश टँक. मी पंच्याहत्तरी ओलांडली तरी धाकट्या भावाची बायको म्हणून वन्सं मला अजून "धाकटे" अशीच हाक मारतात. ऐकणाऱ्याला वाटतं आतून कुणी शाळकरी पोर येईल. येते मी, गुडघ्यावर हात ठेवून.

आमच्या भागातल्या तारा जुन्या आहेत. वारा सुटला की कुठेतरी काहीतरी तुटतं आणि लाईट जातात. कधी चहा गार व्हायच्या आत परत येतात, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत पत्ता नसतो. माणसाचं एक ठीक आहे, दोन पांघरुणं जास्त घेतली की भागतं. टाकीचं तसं नाही. लाईट गेले की पाणी गरम ठेवणारी कांडी बंद, पाणी गाळणारं यंत्र बंद, बुडबुडे बंद. आणि मासे बिचारे काचेला नाक लावून आमच्याकडे बघत बसतात.

मागच्या हिवाळ्यात असेच लाईट गेले आणि लवकर आलेच नाहीत. आले तेव्हा टाकीतले सगळे मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. तळाशी दगडाला चिकटून राहणारा काळा मासा तेवढा वाचला. वन्सं म्हणाल्या, "गारठ्यानं गेले गं." मलाही तसंच वाटलं. पण पाण्याला वास येत होता, म्हणून मी एका बरणीत थोडं पाणी घेऊन माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यात कसलेतरी थेंब टाकले, रंग बघितला आणि मान हलवली.

"आजी, थंडीनं नाही गेले हे. खाणं कुजलंय पाण्यात. फिल्टर बंद असताना कुणीतरी मुठीमुठीनं खायला घातलंय."

कुणी घातलं ते मला विचारायची गरज नव्हती. घरी आले, तर वन्सं जवळजवळ रिकाम्या टाकीसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"गारठ्यानंच गेले म्हणाला," मी सांगितलं, आणि बरणी मोरीत ओतून टाकली.

त्यानंतर कितीतरी दिवस वन्संनी धड अन्न घेतलं नाही. ताटावर बसायच्या, दोन घास चिवडायच्या, उठायच्या. ज्या बाईचा जन्म लोकांना जेवू घालण्यात गेला, तिने ताट टाकून उठावं हे मला बघवत नव्हतं. आणि हे नुसत्या गारठ्याच्या दुःखाने. खरं कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारही मी करत नसे.

वन्संची खानावळ होती. रेल्वेच्या कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, खाली लांबट खोली आणि वर त्यांचं बिऱ्हाड. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्यांदा वन्संना बघितलं ते तिथेच. पदर खोचलेला, एका हातात पळी, आणि बाकांवर खांद्याला खांदा लावून बसलेले फिटर, वेल्डर, गार्ड, हमाल. मी नवी नवरी, बुजून दारात उभी. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "जेवलीस का?" जागा होईपर्यंत बाहेर थांबणाऱ्या लोकांनी आत डोकावून घाई करू नये म्हणून त्यांनी दारापाशी एक काचेची टाकी आणून ठेवली. लोक मासे बघत थांबायचे. जाताजाता पावाचा तुकडा पाण्यात टाकायचे. खानावळ बंद झाली, भांडी विकली, बाकं कुणी कुणी नेली. टाकी मात्र हातगाडीवर बसून आमच्याकडे आली, आणि टाकीच्या मागोमाग वन्सं.

तेव्हाही लाईट जायचे. अंधार झाला की खानावळीत दंगा व्हायचा. कुणी ताट वाजवायचा, कुणी शीळ घालायचा, कुणाचा तरी हात शेजाऱ्याच्या वाटीत जायचा आणि मग मारामारी. वन्संनी त्यावर उपाय काढला होता. लाईट गेले की दिवा लावायच्या आधी पळी उचलायची आणि अंधारात अंदाजाने प्रत्येक ताटात वाढत जायचं. ताटात काही पडलं की माणूस गप्प बसून खातो. त्या म्हणायच्या, "काळोखात रिकामं ताट फार मोठं वाटतं गं माणसाला." इतकी वर्षं हे केलं की ते अंगात मुरतं. आजही लाईट गेले की वन्संचा हात मेणबत्तीकडे न जाता वाढण्याकडे जातो. आणि घरात वाढायला होतं कोण? मी संध्याकाळी दूध पिऊन झोपणारी बाई. राहिले मासे. मागच्या वर्षी लाईट येईतो त्या पुन्हा पुन्हा टाकीपाशी गेल्या असणार, आणि प्रत्येक वेळी एक चिमूट, दुसरी चिमूट. कुणी उपाशी राहू नये म्हणून.

उन्हाळ्यात वन्संनी पुन्हा मासे आणले. मी नको म्हणत होते; माझ्यानं आता पाण्याच्या बादल्या होत नाहीत. पण टाकी पुन्हा हलती झाली आणि त्यांचं जेवण सुधारलं, तेव्हा मी गप्प बसले. पंखांचा तोरा मिरवत सारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा एक मोठा मासा, त्याचं नाव इन्स्पेक्टर. बारक्या लाल-निळ्या माशांचा थवा म्हणजे शाळा. तळातला काळा तो वॉचमन, कारण तो कायम झोपलेला असतो.

"हे गेले तर मी परत आणायची नाही बरं का," वन्सं एकदा सहज म्हणाल्या. "सारखं सारखं सोसवत नाही आता."

तर या हिवाळ्यात मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. लाईट गेल्यावर वन्संनी माशांना खायला घालायचं नाही. आणि का घालायचं नाही, हे त्यांना कळता कामा नये.

गारठ्याची तयारी आम्ही जोरात केली. ती करताना मला मनातून हसू येत होतं आणि कंटाळाही येत होता. गारठाही माशांना बाधतो, ते खोटं नाही. पण मागच्या वेळी ज्याने मारलं त्याच्यावर ही तयारी उपयोगाची नव्हती. तरी मी कोपऱ्यावरच्या टीव्हीच्या दुकानातून थर्माकोलची खोकी मागून आणली. वन्संनी भाजी चिरायच्या सुरीने त्यांचे तुकडे केले, टाकीच्या मागे, खाली, बाजूला बसतील असे. घरभर पांढरा भुगा. तो झाडूला चिकटतो, हाताला चिकटतो, दुधाच्या पातेल्यात सापडतो. जुन्या रजया काढल्या, त्यांना नाड्या शिवल्या. औषधाच्या आणि सरबताच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या. त्यात गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून टाकीत तरंगत सोडायच्या. वरच्या मजल्यावरची नर्स हे सगळं बघून गेली.

"मावशी, बाळंतिणीची खोली दिसतेय नुसती," ती म्हणाली.

"बाळंतिणीला खायला तरी देतात," वन्सं म्हणाल्या. "ही धाकटी म्हणते, लाईट गेले की उपास."

मी सुईत दोरा ओवायच्या निमित्ताने मान खाली घातली.

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तेवढा घ्यायचा राहिला होता. मी एकटीच जाऊन आणणार होते, पण वन्संनी चपला चढवल्या. "मलाही बघू दे तो काय देतोय ते." मला धडकी भरली. तो दुकानदार स्वभावाने चांगला, पण बोलायला लागला की नळ उघडा राहिल्यासारखा.

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने मला ओळखलं. "या आजी, या. मागे तुम्ही ती बरणी घेऊन आला होतात ना, त्याच्यात मी..."

"पंप दाखवा आधी," मी म्हटलं. "उभं राहवत नाही मला."

"कसली बरणी?" वन्संनी विचारलं.

"पाणी नेलं होतं. किती गार झालंय ते दाखवायला."

"गार पाणी बरणीत घालून एवढ्या लांब आणलंस? वाटेत कोमट झालं असेल की."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं. त्याला अर्धवट काहीतरी उमगलं असावं. त्याने पंप काढला, दोन्ही बाजूंनी दाखवला, बुडबुडे काढून दाखवले. रजई बांधाल तेव्हा वरून हवेला जागा ठेवा, झाकण सारखं उघडू नका, लाईट आले की फिल्टर धुऊनच चालू करा, असं सगळं नीट सांगितलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि लाईट गेल्यावर खायला अजिबात घालायचं नाही, एवढं पाळा."

"का?" वन्संनी विचारलं.

तो माझ्याकडे बघू लागला. मी पंपाकडे बघू लागले.

"पचत नाही त्यांना," तो म्हणाला.

"पचायला लाईट कशाला लागतात? माझी माणसं काळोखात दुप्पट जेवायची."

"माणसांचं वेगळं असतं, आजी. हे तसेही आठवडाभर उपाशी राहू शकतात."

"राहू शकतात आणि ठेवावं यात फरक आहे की नाही?"

त्याने पंप पिशवीत घातला आणि वर एक बॅटरी फुकट दिली.

परत येताना वन्सं दमल्या, मीही दमले. एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही टेकलो. समोर रस्त्यावर झाडांना एक पान राहिलेलं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "हा माणूस कधी उपाशी झोपलेला दिसत नाही. म्हणून असं बोलतो." मी हं म्हटलं. आणखी ताणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला गं कशाला एवढी काळजी? वन्सं शाळा फार शिकल्या नाहीत, पण बाकावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून त्याची नोकरी गेलीय का बायको रुसलीय ते ओळखायच्या. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मला पकडलंच असतं. घरी आल्यावर मी माशांच्या खाण्याची डबी उचलली आणि माझ्या औषधांच्या खोक्यात, मलमांच्या खाली ठेवून दिली. सकाळी त्यांच्या आधी उठून मीच चिमूटभर घालू लागले. त्यांना सांगितलं, माझे हात सकाळी आखडतात, डॉक्टरांनी बोटांना काम द्यायला सांगितलंय.

मग तो वारा आला. दुपारचं जेवण उरकून मी नुकती आडवी झाले होते. फ्रीजची घरघर एकदम थांबली. ती थांबल्यावरच कळतं की इतका वेळ चालू होती. मी डोळे मिटून वाट बघितली. आले नाहीत. बाहेर पत्रा कुठेतरी आपटत होता, आणि आभाळ इतकं दाटलं होतं की भर दुपारी घरात काळोख झाला होता. उठण्याचा इतका कंटाळा आला होता की वाटलं, पडून राहावं, जे व्हायचं ते होऊ दे. या वयात माणसाने कुणाच्या तरी जिवावर पहारा किती दिवस करायचा?

"धाकटे," बाहेरून हाक आली. उठले.

थर्माकोल लावला, रजया बांधल्या. वन्संनी नाड्यांना अशा गाठी मारल्या की सोडायला कात्री लागावी. पंप चालू केला. बारीक गुणगुण करत बुडबुडे निघायला लागले. गॅसवर पाणी तापवून बाटल्या भरल्या. समोरच्या बाजूची रजई वन्संनी थोडी दुमडून ठेवली होती, आत बघायला. त्यांनी टॉर्च मारला. सगळी शाळा वर येऊन घोळक्याने उभी होती, आणि इन्स्पेक्टर तोंड उघडत होता, मिटत होता.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "मागतायत."

"ते तसंच करतात वन्सं. श्वास घेतात."

"मला नको शिकवूस. भुकेलेलं तोंड मी ओळखते." त्या कपाटाशी गेल्या, फळीवर हात फिरवला. "डबी कुठाय?"

"असेल तिथेच."

"इथे नाहीये."

"मग लाईट आल्यावर शोधू. आता काळोखात कुठे हात घालताय?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पावाचा डबा उघडल्याचा आवाज आला; त्या डब्याचं झाकण करकरतं. मी खुर्चीतून उठून दाराशी पोचेपर्यंत त्या परत आल्याही होत्या. मूठ मिटलेली. बोटांच्या फटीतून चुरा दिसत होता.

मी टाकीच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिले. मला एवढंच कळत होतं की ही मूठ मी आज अडवेन, पण रात्री झोप लागल्यावर काय? उद्या काय? अख्खा हिवाळा मी अशी दारात उभी राहू शकत नाही. पाय आत्ताच भरून आले होते. सांगून टाकावं, एकदाच. वन्सं, मागच्या वेळी गारठ्यानं नाही गेले, तुमच्या या हातानं गेले. शब्द तोंडाशी आले. आणि माझं लक्ष त्या हाताकडे गेलं. मनगटापासून वरपर्यंत भाजल्याचे जुने डाग, एकावर एक. या हाताने माझ्या बाळंतपणात मला भरवलं होतं. मिस्टर गेले त्या दिवशी सगळे रडत असताना हाच हात माझ्यापुढे पेला धरून उभा होता.

"वन्सं," मी म्हटलं, "मला भूक लागलीय."

त्यांनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला. "आत्ता? जेवून हात वाळले नाहीत तुझे."

"लागलीय खरी. लाईट गेले आणि पोटात कसंतरीच व्हायला लागलं."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? घरात माणूस उपाशी आणि आधी माशांना वाढणार का?"

मग मुठीतला चुरा त्यांनी माझ्याच तळहातावर ओतला. "हे तोंडात टाक तोवर," म्हणाल्या, आणि पदर खोचला.

मी दारात उभी राहून तो कोरडा चुरा खाल्ला.

त्यांनी बटाटे उकडले, कांदा परतला, अंडी फोडली. मेणबत्तीच्या उजेडात त्यांची सावली भिंतीवर छतापर्यंत जात होती. ताट माझ्या मांडीवर आलं. मी खाल्लं. मला खरं तर एक घासही जात नव्हता. अर्धं संपत आलं तसा त्यांचा टॉर्च टाकीकडे वळला, आणि मी घाईघाईने म्हटलं, "अजून थोडं आहे का?"

"तुझं पोट आहे का पोतं?" वन्सं म्हणाल्या, पण वाढलं. "माझा भाऊ शेवटपर्यंत सडपातळ का राहिला ते आज कळलं. सगळं तूच खात होतीस."

"त्यांना आवडतच नव्हतं फारसं."

"त्याला माझ्या हातचं सगळं आवडायचं. तुझं नसेल आवडत."

संध्याकाळी सूप झालं. ते पिऊन होईतो त्यांनी पाव भाजला. बाटल्या गार झाल्या की मी बदलत होते, आणि त्या झाकणाशी रेंगाळल्या की काहीतरी मागत होते. कधी गोड खावंसं वाटतंय, कधी खारट. वन्सं कुरकुरत होत्या आणि कुरकुरत कणीक मळत होत्या. किती वर्षांनी त्या गाणं गुणगुणताना ऐकलं. शब्द नीट आठवत नव्हते त्यांना, नुसती चाल. झोपताना म्हणाल्या, "सकाळी काय खाशील?" मी पांघरुणातून म्हटलं, "तुम्ही द्याल ते." पोट इतकं तट्ट फुगलं होतं की कुशीवर वळता येत नव्हतं.

सकाळी लापशी झाली. ती खाऊन मी बसल्या जागी पेंगत होते, तेव्हा फ्रीज पुन्हा घरघरायला लागला. वन्संनी आधी रजईची गाठ सोडायचा प्रयत्न केला, मग कात्रीच आणली. शाळा जागेवर होती. इन्स्पेक्टर कोपऱ्यात सुस्त उभा होता, पण कांडी तापायला लागली तसा फेरीला निघाला. वॉचमन झोपला होता.

"एकही गेला नाही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. "रजयांनी काम केलं गं. मागच्या वेळी आपण काही बांधलंच नव्हतं."

"हो ना."

"आधीच बांधायला हव्या होत्या."

"तेव्हा सुचलं नाही."

मी बादली ओढली आणि फिल्टर धुवायला बसले. स्पंज पिळताना गार पाण्याने बोटं सुन्न झाली, करपट ढेकरा येत होत्या, आणि बसलेली मी आता उठेन कशी हा प्रश्नच होता. बाहेर आभाळ तसंच होतं, वारा नुसता दम खात होता. हा आठवडा नाही तर पुढचा, लाईट पुन्हा जाणार होते. हिवाळा आता कुठे सुरू होत होता.

वन्सं टॉवेल घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. माझ्याकडे वरून खाली बघत होत्या.

"एका दिवसात तोंडावर कळा आली तुझ्या," म्हणाल्या. "मी आधीच ओळखायला हवं होतं. काळोखात तुला भूक लागते आणि तू सांगत नाहीस. पुढच्या वेळी असं धावतपळत नको. मी थोडे चणे भिजवून ठेवत जाईन, पिठाचा डबा भरून ठेवीन. वारा सुटला की लगेच चूल पेटवायची. काय?"

मी ओला स्पंज पुन्हा एकदा पिळला. पोटात कालपासूनचं सगळं तसंच बसलेलं होतं.

"ठेवा," मी म्हटलं. "जरा जास्तच भिजवा."